टाकी भरली मी, सही कोणाची?

बाईनं माह्या ओढणीत तांदूळ टाकले, खण ठेवला, वरून नारळ. कुंकवाचं बोट कपाळापर्यंत आणलं आन् विचारलं, "आडनाव काय गं तुहं?"

मी सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं का भंडाऱ्यात पुढचं कोणी विचारत नाई. आम्ही बौद्ध.

बोट थांबलं. तिनं नारळ उचलला. खण उचलला. म्हणे, "तांदूळ राहू दे. कोंबड्याइले टाकजो."

आजोबानं धर्म बदलला तवापासून आमच्या घरी ओटी बंद आहे. तरी बाईचं मन राखाले मीच ओढणी पसरली होती. माह्याच हातानं! त्याचा राग जास्त आला.

टेस्ट ट्यूब बेबीचा दवाखाना होता थो. रोज वरठीवरून ऑटोनं येते मी. बायांची बीजं गोठवून ठेवतात त्या टाकीत नायट्रोजन भरणं माहं काम. पट्टी बुडवायची, बाहेर काढून पांढरा बर्फ कुठवर चढला ते पाहायचं, कमी असलं तं भरायचं, वहीत सही करायची. टाकी आटली का सारी बीजं मेली.

नारळवाली बाई कापड दुकानवाल्याच्या घरची. तिच्या सुनेले कॅन्सर. नागपूरले औषधं सुरू होतील, मंग लेकरू होईन का नाई भरवसा नव्हता, म्हणून सकाळीच तिची बीजं काढून ठेवली. नऊ. भूल द्यायच्या आधी तिनं माहा हात घट्ट धरला होता. "ताई, माह्या लेकराइले सांभाळजा." लेकरंच म्हणाली ती. ही बीजं मी सांभाळणार म्हणून सासू माही ओटी भराले आली होती. तिनं नारळ उचलला तवा सून खाटेवरून पाहून राह्यली होती.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनं बोलावलं.

"मनावर घेऊ नकोस. जुनी माणसं आहेत, वहीत तुझं आडनाव नको म्हणतात. टाकी तूच भर, फक्त वहीत सही दुसऱ्या पोरीची राहू दे."

मी "हो मॅडम" म्हणलं. सांगाले लाज वाटते, पण म्हणलं.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. वाफ वर आली. आन् मनात आलं, नाई भरली तं? कोण धरणार मले? सही तं माही नाईच.

हात थांबला. किती वेळ, माहीत नाई. त्या वाफीत मले नऊ तोंडं दिसली, इवली इवली, माह्याकडं पाहून राह्यलेली. आई गं! जिनं माहा हात धरला, तिच्याच लेकराइचा जीव घ्यायचं माह्या मनात आलं होतं. टाकी काठोकाठ भरली. भरता भरता रडली.

त्या रडण्यातच समजलं. नाव खोडून ह्या लोकाइनं मले कोणीच नाई करून टाकलं होतं, आन् मी होऊन बसली होती.

वही काढली. आजच्या ओळीत आधीच लिहून ठेवलेल्या दुसऱ्या पोरीच्या नावावर रेघ मारली. माहं नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक. मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"टाकी भरली मी, तं सही माही. त्याइले चालत नसन तं बीजं घेऊन जाऊ द्या."

"अगं, त्या आजारी पोरीचा विचार कर."

"केला ना मॅडम. खोटी सही ठेवताना तुम्ही नाई केला."

मॅडमनं वही परत माह्याकडं सरकवली. वही अजून माह्याच जवळ आहे.

वाफ उठली का थे तोंडं आजही दिसतात. माफी कोणाले मागू? रोज भरते, रोज पूर्ण नाव लिहिते. आता ह्या नावावर रेघ माराले कोणीही आलं, मॅडम असो का सासू, तं तिचा हात मी तिथंच धरीन.