ऑस्टिन मास्तर आणि न संपणारं गाणं

राजोडीच्या किनाऱ्यावर पोहोचल्या पोहोचल्या रिचर्डने गाडी वाळूत रुतवली. रिसॉर्टचा वॉचमन दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता आणि रिचर्डला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. सुरूच्या झाडांखाली गाडी घेतली, चूक कळल्यावर घाईघाईने रिव्हर्स टाकला, आणि मागची दोन्ही चाकं अर्धी गडप झाली.

ऑस्टिन मागच्या सीटवरून उतरला. इस्त्रीची पँट घोट्यावर दुमडून त्याने चाकं बघितली.

"ट्रॅक्टर आहे," वॉचमन म्हणाला. "पण तो माणूस आत जनरेटर सांभाळतोय. कार्यक्रम संपल्यावरच येईल."

"म्हणजे शेवटपर्यंत बसायचं," ऑस्टिन म्हणाला. तोंड मात्र कुणी एरंडेल पाजल्यासारखं.

"रिच्या, ठरवून केलंस ना?" लेस्टर हसला. तिघंही पापडीच्या शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे साठीतसुद्धा एकमेकांवर दया नव्हती.

रिचर्डने ठरवून केलं नव्हतं, पण मनातून त्याला बरंच वाटलं. त्याच्या जोआनाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. तिने दागिना मागितला नाही, हॉल मागितला नाही, मागणी एकच. चर्चपासून घरच्या मांडवापर्यंत पुढे ऑस्टिनकाकांचा ट्रम्पेट, आणि मागून केनीचा बँड, गळ्यात गिटार घातलेल्या नवऱ्यासकट. केनी म्हणजे होणारा जावई. त्याचा होता जॅम बँड. म्हणजे गाणं एकदा सुरू करायचं आणि मग सुचेल तसं, सुचेल तितका वेळ वाजवत राहायचं. आज राजोडीला त्याचाच कार्यक्रम होता. ऑस्टिनकडून हो म्हणवून घेण्याचं काम बापाकडे, आणि ऑस्टिनने चार वर्षांत ट्रम्पेटची पेटी उघडली नव्हती.

ऑस्टिन सकाळी होळी गावातल्या आपल्या वाडीत भाजी काढणारा माणूस; पण लग्नसराईत पांढरा कोट चढवला की सगळे त्याला मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्याने वरातीपुढे ट्रम्पेट वाजवला. आदल्या दिवशी एकटाच चर्चपासून लग्नघरापर्यंत चालत जायचा, पावलं मोजायचा. वाटेत कुणाकडे नुकतीच मयत झाली असेल, तर त्या दारापुढे बँड गप्प. आणि नवरीचा पाय मांडवाच्या पहिल्या पताकेखाली पडला की त्याच क्षणी ट्रम्पेटचा शेवटचा सूर. पाऊल मागे नाही, पुढे नाही. म्हाताऱ्या बायका त्या सुरावर डोळ्यांना पदर लावायच्या. चार वर्षांपूर्वी एका लग्नात नवरी मांडवापासून दहा पावलांवर असताना दारातल्या डीजेने बटण दाबलं. ऑस्टिनचा शेवटचा सूर त्या धडधडीत कुणालाच ऐकू गेला नाही. घरी येऊन त्याने ट्रम्पेट पुसला आणि कपाटावर टाकला.

आता तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. समोर बशीत तळलेले बोंबील आले, त्यांवर पांढरा सॉस ओतलेला.

"हे काय सांडलंय?"

"मेयोनीज," लेस्टर म्हणाला.

"बोंबलावर?" ऑस्टिनने बशी दोन बोटांनी अशी दूर सारली, जणू मांजराने काही आणून टाकलंय.

स्टेजवर चौघं पोरं माना खाली घालून वाजवत होती. ऑस्टिनने बराच वेळ वाट बघितली.

"सूर लावून झाले की सुरू करतील ना?"

"सुरू होऊन वीस मिनिटं झाली," रिचर्ड म्हणाला.

"कुठल्या गाण्याला?"

"पहिल्याच."

शेजारची एक पोरगी डोळे मिटून डुलत होती. तिच्या ग्लासातली बियर थेंबाथेंबाने ऑस्टिनच्या इस्त्रीच्या पँटवर पडत होती. ड्रमवाला उठला, मागे लघवीला जाऊन आला, बसून परत वाजवू लागला. गाण्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

"बघ," ऑस्टिन म्हणाला, "तो गेला तेव्हा जास्त बरं वाजत होतं."

मग केनी पुढे आला. बाकीचे हळू झाले, आणि त्याने एक साधीशी, पायवाटेसारखी चाल धरली. रिचर्डने तिरक्या नजरेने बघितलं. ऑस्टिनच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर, ट्रम्पेटच्या खटक्यांवर दाबावीत तशी हलत होती. चाल चढत गेली, वळली, उतरायला लागली. ऑस्टिन खुर्चीतून अर्धा उठला. "हां, आता ठेव शेवटचा सूर. इथंच ठेव."

केनीने ठेवलं नाही. ड्रमवाल्याकडे बघून हसला, आणि चौघं पुन्हा सुटले.

ऑस्टिन मटकन बसला. त्याच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, चक्क शिसारी होती. "नवरी दारात आणली," तो म्हणाला, "आणि परत फिरवली."

पुढच्या तासाभरात नवरी आणखी दोनदा दारात आली आणि दोनदा फिरली. लेस्टर घोरू लागला. शेवटी जनरेटरमधलं डिझेल संपत आलं, म्हणून कार्यक्रम संपला. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढेपर्यंत केनी घामेजलेला, अनवाणी धावत आला.

"अंकल, कसं वाटलं? खरं सांगा."

रिचर्डने मनात साधुसंतांना हाक मारली.

"तीन ठिकाणी संपलं होतं," ऑस्टिन म्हणाला. "तिन्ही ठिकाणी तू ते हातानं मारलंस. लोक घरी जायला निघाले की त्यांची गचांडी धरून बसवतात काय?" आणि त्याने तिन्ही जागा शीळ घालून दाखवल्या, नेमक्या.

"दुसरी जागा मला कळलीच नव्हती," केनी म्हणाला. "परत एकदा दाखवाल?"

ऑस्टिनने परत शीळ घातली. मग पँट झटकून गाडीत बसला.

होळी गावात वाडीच्या फाटकाशी रिचर्डने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि धीर करून विचारलं, "मास्तर, जोआनाला काय सांगू?"

"जावई म्हणून चालेल," ऑस्टिन म्हणाला, "पण वाजवायला मी एकटा येईन."