दुधाचा डबा आणि लाकडी कपाट

या पृथ्वीवर आजवर जे स्फोट झाले नाहीत, त्यांतल्या निदान निम्म्यांचे श्रेय आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या स्टोअरकाकांना द्यावे लागेल, असे माझे विचारपूर्वक बनलेले मत आहे. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही, हे रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ठाऊक आहे. तरीही आखातातल्या अल् घुब्रा या वस्तीतल्या आमच्या इमारतीत जी बावीस वर्षे शांततेत गेली, ती निव्वळ योगायोगाने गेली असे मानायला मी तयार नाही.

काका मूळचे राजापूरकडचे. रुस्ताकच्या वाटेवरील एका दगडखाणीत सुरुंगाच्या दारूचे कोठार त्यांच्या ताब्यात होते, म्हणून ते स्टोअरकाका. माझे बाबा त्याच कंपनीच्या कचेरीत. काका आठवडाभर खाणीवर राहत आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येत. मात्र येताना कोठाराचे सगळे नियम सोबत घेऊन येत. त्यांच्या तत्त्वज्ञानाचे सार एका वाक्यात सांगता येईल, आणि ते त्यांनी मला मी सहावीत असताना सांगितले होते: "वस्तू वाईट नसते गो, शेजार वाईट असतो." कोठारात दारू एका खोलीत आणि तिला पेटवणाऱ्या टोप्या दुसऱ्या खोलीत असतात, मधे भिंत आणि मोकळी जागा असते. काकांनी हाच न्याय देवघराला लावला होता. काडेपेटी दिवाणखान्यात, कापूर निजायच्या खोलीत आणि तुपाचे निरांजन स्वयंपाकघरात. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला गेलेल्या माणसाला हे तिन्ही एकत्र आलेले पाहण्यासाठी बराच धीर धरावा लागे. एकदा तर आरत्या संपून मंत्रपुष्पांजलीही झाली, तरी कापूर वाटेतच होता. काकू हताशपणे म्हणाल्या, "अहो, देव वाट बघतोय." त्यावर काकांचे उत्तर: "बघू दे. सुरक्षित आहे ना?"

लेबलांचे प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावे असे होते. आपल्याकडच्या कुठल्याही घरात बिस्किटांच्या डब्यात बिस्किटे नसतात आणि आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसते, हे सर्वमान्य सत्य काकांना मनापासून अमान्य होते. "ज्या दिवशी डबा एक बोलतो नि आत दुसरं असतं, त्या दिवशी माणूस मरतो," असे ते म्हणत. काकूंनी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या खोवलेल्या नारळाच्या डब्यावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते: 'आइस्क्रीम नाही'. आमच्या इमारतीतली मुले मराठी वाचायला शिकली ती बहुधा याच एका निराशेतून. तांदळाच्या पिंपाशेजारी तापमापक आणि आर्द्रतामापक टांगलेले असत आणि दोन्हींची सकाळ-संध्याकाळ नोंद होई, काका खाणीवर असताना काकूंच्या हातून. कागदपत्रांच्या बाबतीतही हेच. काकूंची विळी गावाहून आणताना त्यांनी सोबत खरेदीची पावती आणि स्वहस्ते लिहिलेले निवेदन आणले होते, की ही वस्तू नारळ खोवण्यासाठी असून शस्त्र नव्हे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते वाचून विळीपेक्षा काकांकडेच अधिक वेळ निरखून पाहिले, असे काकू सांगतात.

हे सारे मला हास्यास्पद वाटत असे. अल् खौदच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला लागल्यावर प्रयोगशाळेत मी स्वतः प्रत्येक बाटलीला लेबल लावत होते, तरी घर आणि प्रयोगशाळा यांत फरक असतो, अशी माझी ठाम धारणा होती. एकदा मी काकांना संभाव्यतेचे गणित समजावून सांगितले. ते त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बरोबर असेल. पण दारूला कुठं कळतं गो, हे घर आहे ते?"

त्यानंतर आलेल्या ईदची ही गोष्ट. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे अर्बाब, दरवर्षी रुस्ताकच्या घरी कचेरीतल्या आणि खाणीवरच्या काही कुटुंबांना जेवायला बोलावत. त्या घरात अर्बाबचे वृद्ध वडील राहत. आम्ही सगळे त्यांना हाजी म्हणत असू. हाजींकडे त्यांच्या वडिलांची जुनी रायफल होती, रीतसर परवाना असलेली. लग्नकार्यात आणि ईदला ती आकाशात उडवायची, हा त्या घरचा रिवाज. त्यासाठी लागणारी काडतुसे हाजी बाजारातून आणत नसत. वापरलेली नळकांडी जपून ठेवत आणि वडिलांच्याच हत्यारांनी ती घरी पुन्हा भरत. त्या सकाळी त्यांनी पुरुषमंडळींना हे सारे मोठ्या अभिमानाने दाखवले. काकांनी एकच प्रश्न विचारला: "हाजी, दारू कुठे ठेवता?" हाजींनी अंगणापलीकडच्या सामानाच्या खोलीकडे हात हलवला. काकांनी हातातला खजूर तसाच खाली ठेवला आणि ते हात धुवायला उठले, असे बाबा नंतर सांगत होते.

इकडे अंगणातल्या चुलीवर बायकांची भाकरी चालली होती. अर्बाबच्या पत्नीने मला सांगितले, "त्या खोलीतून दुधाच्या पावडरचा डबा आण, त्यात भाकरीवर लावायची कलौंजी आहे, काळे बारीक दाणे." मी गेले. फळीवर एकसारखे दोन डबे होते. मी पुढचा उचलला, हलवून पाहिला. आत बारीक दाणे खुळखुळले. माझ्या शास्त्रीय शिक्षणाला एवढा पुरावा पुरला. डबा कडेवर घेऊन मी चुलीच्या दिशेने निघाले.

नळावर हात धूत असलेले काका ओल्या हातांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"डब्यावर काय लिहिलंय?"

"दूध."

"आत काय आहे?"

"कलौंजी."

"उघडून पाहिलंस?"

"नाही," मी म्हणाले. काकांचा आवाज मुळीच चढला नाही. "आहेस तिथंच थांब. चुलीकडे पाठ कर. आता डबा खाली ठेव. हळू. शाब्बास."

मग मात्र तो आवाज चढला. काकांनी बायकांना चूल विझवायला लावली, बैठकीतली धुपाटणी अंगणाबाहेर नेववली, एका पाहुण्याच्या हातातली सिगारेट स्वतः काढून घेतली, आणि डबा उघडून त्यातली काळसर दारू पाहिल्यावर, साऱ्या पाहुण्यांच्या देखत, ऐंशी वर्षांच्या हाजींना म्हणाले, "ये क्या है? बच्ची का जान लेगा तुम? दूध का डब्बा में बारूद? टोपी किधर है?" टोप्या शेजारच्याच फळीवर, खजुराच्या खोक्यात होत्या. परवाना पाहायला मागितला, तर तो रायफलीचा निघाला. घरात साठवलेल्या दारूचा त्यात उल्लेखही नव्हता. "खलास," काका म्हणाले, "इसको हाथ नहीं लगाने का. पहले पोलीस को फोन."

यजमानाच्या घरी, ईदच्या दिवशी, पाहुण्याने यजमानाच्या वडिलांवर ओरडणे याचा अर्थ तिथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हाजी उठून आत गेले. अर्बाबही त्यांच्यामागे गेले. आम्ही न जेवता परतलो.

काकांच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा कागद त्याच आठवड्यात अर्बाबच्या मेजावर सहीसाठी गेला होता. तिथून तो हलेना. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, गावच्या घराचे छप्पर अर्धे झालेले. काकू रोज खाली आमच्याकडे येऊन डोळे पुसत. "कोठारात काय करायचं ते करा म्हणावं. लोकांच्या घरी कशाला?" मला अपराधी वाटत होते, कारण डबा मी उचलला होता. मी इंग्रजीत एक सुरेख माफीपत्र लिहिले आणि काकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"चूक झाली, असं लिहिलंयस."

"तसं लिहावं लागतं, काका."

"झालेली नाही ना पण. खोटं लेबल मी लावत नाही गो." आणि कागद घडी घालून मला परत दिला.

मी त्या क्षणी संतापले होते. आज मागे वळून पाहता, एखाद्या माणसाविषयीचा आदर नेमका कोणत्या मिनिटाला जन्माला आला हे सांगता येत असेल, तर माझ्या बाबतीत ते हेच मिनिट.

नवव्या दिवशी अर्बाब स्वतः आमच्या इमारतीचे जिने चढून आले. काकू पाण्याचा पेला घेऊन पुढे झाल्या. अर्बाब दारातच म्हणाले, "मेरा वालिद पूछता है, वो पागल स्टोरवाला किधर है? बोलता है, मेरा बाप मर गया, उसके बाद मेरे को कोई डाँटा नहीं. ये पहला आदमी." पुढे ते म्हणाले, "उसका बाप भी ऐसा चिल्लाता था. बारूद अलग कमरा, टोपी अलग कमरा. वालिद भूल गया था. यल्ला, चलो. तुम्हारा कानून साथ में लाओ." सही केलेला कागद त्यांच्या खिशातच होता.

अर्बाबनी स्वतः फोन केल्यावर पोलीस येऊन ती जुनी दारू आणि टोप्या घेऊन गेले होते. पुढचे काम काकांचे. आधी परवानगीचे कागद, ज्यात किती आणि काय ठेवता येईल हे स्पष्ट लिहिलेले; ते हाती येईपर्यंत काकांनी खिळाही ठोकला नाही. मग उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून दूरच्या कोरड्या खोलीत त्यांनी एक लाकडी कपाट बनवून घेतले. हाजींना लोखंडी तिजोरी हवी होती. काकांनी त्यांना समजावले, की पोलादात कोंडली तर दारू संतापून फुटते, लाकडात ती नुसती रागावून जळते. दारू कारखान्याच्या मूळ डब्यातच राहणार, टोप्या दुसऱ्या खोलीतल्या कुलपात, आणि किल्ल्या परवान्यावर ज्याचे नाव त्याच्याच कमरेला.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन गावी गेले. निघण्यापूर्वी हाजी काठी टेकत अल् घुब्राला आले आणि त्यांनी कपाटाची दुसरी किल्ली काकांच्या हातात ठेवली. त्या घरात यापेक्षा मोठा मान नाही. काकांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि परत दिली. "परमिट में मेरा नाम नहीं है, हाजी." हाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी पिशवीतून दुधाच्या पावडरचा एक डबा काढला. त्यावर अरबीत कागद चिकटवला होता: 'आत खरोखर कलौंजी आहे.' काकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला, डोळे पुसले, आणि डबा उघडून खात्री करून घेतली.

उघडलेली वस्तू विमानातून न्यायची नाही, हा त्यांचा नियम, म्हणून डबा माझ्याकडे आला. आता विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेचे रसायनांचे भांडार माझ्या ताब्यात आहे आणि माझे विद्यार्थी माझ्या लेबलांना हसतात, हे मला ठाऊक आहे. डब्यातली कलौंजी संपली तेव्हा मी तो धुतला, पुसला आणि त्यावर मराठीत लिहिले: 'रिकामा'. अधूनमधून मी तो उघडून पाहते. आत काही नसते. मात्र वास अजून तसाच येतो. काकांच्या काटेकोर हिशेबाने पाहिले, तर ते लेबल खोटे आहे. बदलायला हवे, पण त्या जागी काय लिहावे, ते मला अद्याप सुचलेले नाही.