काकांच्या हेडफोनचं स्थळ

माणसांची लग्नं स्वर्गात जुळतात की नाही मला ठाऊक नाही, पण हेडफोनची लग्नं ठाकूरद्वारच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास जुळतात, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. जुळवणारे गृहस्थ म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. दादरच्या एका वधूवर सूचक मंडळात त्यांनी तीसेक वर्षं स्थळं जुळवली. निवृत्तीच्या वेळी मंडळानं विचारलं, निरोपाला घड्याळ देऊ की चांदीचा गणपती? काका म्हणाले, "हेडफोन द्या." तेही साधेसुधे नव्हेत, चांगले तीनशे ओहमचे. "ओहम म्हणजे काय हो?" असं कार्यवाहांनी भीत भीत विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "मुलीच्या अपेक्षा. ओहम जितके जास्त, तितका नवरा तालेवार लागतो." नवरा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. फोनला जोडले तर हे हेडफोन नुसते कुजबुजतात. त्यांना मोकळं बोलतं करायला मागे दमदार अ‍ॅम्प्लिफायर हवा. तो काही केल्या मिळेना. सगळ्या गावाची लग्नं लावणाऱ्याच्या घरातली मुलगीच बिनलग्नाची राहिली, अशी काकांची अवस्था झाली.

स्वतःचं जमत नव्हतं म्हणून दुसऱ्यांचं जमवायचं त्यांनी थांबवलं नाही. मला ऑफिसच्या मीटिंगांसाठी हेडफोन हवे होते. ऑनलाइन मागवले असते तर दुसऱ्या दिवशी परळला माझ्या दारात आले असते, पण मला दुर्बुद्धी झाली आणि मी काकांचा सल्ला घ्यायला गेलो. त्यांनी कपाटातून मंडळाचा छापील फॉर्म काढला. रद्दीत निघालेले हे फॉर्म त्यांनी गठ्ठ्यानं घरी आणले आहेत. त्यातली 'उंची' खोडून त्यांनी 'डोक्याचा घेर' केलंय. 'वर्ण' तसाच ठेवलाय, कारण आवाज गडद हवा की उजळ हे तिथं लिहायचं असतं. 'चष्मा आहे काय' हा प्रश्न तर दोन्हीकडे लागूच पडतो. 'मंगळ' या रकान्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "काका, हे काय?" ते म्हणाले, "अरे, नाजूक इअरफोन आणि दांडगा अ‍ॅम्प एकत्र आले ना, की गाणं थांबल्यावर मागे सूंऽऽ असा आवाज राहतो. तो मंगळ. सुरुवातीला वाटतं चालवून घेऊ, पण पुढे त्रास होतो." मग त्यांनी विचारलं, "आवाज येणार कुठून?" मी म्हटलं, फोनमधून. काकांचा चेहरा पडला. "म्हणजे घराणंच कच्चं. नळालाच गढूळ पाणी येत असेल तर खाली चांदीचं फुलपात्र धरून काय उपयोग?" तीन आठवड्यांनी त्यांनी माझ्यासाठी स्थळ पक्कं केलं. खोटं कशाला बोलू, ते मला इतकं लाभलंय की साहेब माझ्यावर ओरडतात तेसुद्धा सुरात ऐकू येतं.

त्यांच्या स्वतःच्या हेडफोनसाठी मात्र रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम असे. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येणाऱ्यानं रविवारी दहाला यायचं, मावशीनं केलेले कांदेपोहे खायचे, आणि ते होईपर्यंत व्यवहाराचं बोलायचं नाही. एकदा वाशीहून एक तरुण इंजिनियर स्वतः बनवलेला अ‍ॅम्प घेऊन आला. निळे दिवे, चकचकीत पितळी बटणं, सगळा थाट. काकांनी आधी काहीच न लावता पाच मिनिटं नुसती शांतता ऐकली. "मुलगा गप्प बसलेला असताना कसा वाटतो ते आधी बघावं," हा त्यांचा मंडळातला नियम. मग गाणं ऐकलं, हेडफोन उतरवले आणि म्हणाले, "कळवतो." इंजिनियर खुशीत गेला. 'कळवतो' म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं लग्न व्हायचं होतं.

मावशी या सगळ्यापासून अलिप्त. ती लालबागची. तिच्या वडिलांचं मसाला कांडपाचं दुकान होतं आणि त्यावरच्याच माळ्यावर तिचं लहानपण गेलं. मिरची पुरती कुटली गेली की नाही हे मुसळांच्या आवाजावरून ती वरूनच ओरडून सांगायची, असं आजी सांगत असे. काकांचं मत वेगळं. "त्या मुसळांनी हिचे कान बधिर केलेत. हिला काय ऐकवायचं?" मावशीही कधी ते हेडफोन घालायला गेली नाही. "माका कामं हत," एवढंच मालवणीत म्हणायची आणि आत जायची. मंडळातल्या काकांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळी दोघांच्या पत्रिका पाहिल्या होत्या का, हे विचारायचं माझं धाडस झालेलं नाही.

आता काकांची परीक्षा काय असे ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चाळीस वर्षांपूर्वी खोताच्या वाडीजवळ एका घरात गाण्याची खाजगी बैठक झाली. ती काकांनी टेपवर घेतली आणि पुढे सीडीवर उतरवली. तिच्यात विलंबित ख्याल संपतासंपता, तानपुऱ्याच्या मागे, कुणाच्या तरी बांगड्या किणकिणतात. साध्या स्पीकरवर त्या ऐकूच येत नाहीत. काकांच्या लेखी ज्या जोडीत त्या बांगड्या तानपुऱ्यापासून वेगळ्या, मोजता येतील अशा ऐकू येतील, तीच जोडी खरी. एकीकडे त्या ऐकण्यासाठी जिवाचं रान करायचं आणि दुसरीकडे त्या बाईला शिव्या घालायच्या, असा त्यांचा खाक्या. "कोण बेशिस्त बाई होती देव जाणे! गाण्याची जाण नसलेल्यांनी बैठकीत येऊ नये." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की आम्हालाही त्या बाईचा राग येऊ लागला होता.

गेली दोन वर्षं मात्र काकांचं काही खरं नव्हतं. पूर्वी ते "बऱ्या आल्या, पण मोकळ्या नाहीत" असं म्हणून नकार देत, आता एकच पालुपद, "बांगड्या येतच नाहीत." एकामागून एक सात-आठ स्थळं गेली. शेवटी मीच परळच्या एका जुन्या रेडिओ-मेकॅनिकचा अ‍ॅम्प घेऊन गेलो. तो त्यानं फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता. काका म्हणाले, "दिसायला बेताचा आहे. पण हा शेवटचा हं. आता नाही जमलं तर हेडफोन खोक्यात घालून माळ्यावर टाकणार. माझ्या हातून हिचं लग्न होणं नाही." हे ते हसत म्हणाले, पण त्यांनी खोकं खरंच खाली काढून ठेवलं होतं.

पोहे झाले, शांतता ऐकून झाली, सीडी लागली. काका डोळे मिटून बसले. ती जागा आली, गेली. त्यांनी हेडफोन उतरवले आणि माझ्या हातात दिले. मी कानाला लावले, काकांनी तीच जागा पुन्हा लावली, आणि बांगड्या आल्या. अशा लख्ख आल्या की मी मागे वळून पाहिलं. क्षणभर मी खुशीत काकांकडे बघितलं. मग दोन वर्षांत नाकारलेल्या सगळ्या स्थळांचा काय दोष होता ते मला कळलं. दोष अ‍ॅम्पचा नव्हता. काका सत्तरीचे झाले होते आणि त्यांच्या कानातून वरचे बारीक आवाज निघून गेले होते. "येत नाहीत ना?" त्यांनी विचारलं. मी आयुष्यात बऱ्यापैकी खोटं बोललोय, पण तेव्हा मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

पदराला हात पुसत मावशी बाहेर आली. माझं तोंड बघून तिनं हेडफोन ओढून घेतले, जन्मात पहिल्यांदाच, उलटे घातले, मी सुलटे करून दिले. गाणं लागलं. तिनं मान कलती केली. वरच्या माळ्यावरून मिरचीचा अंदाज घेताना ती अशीच दिसत असेल.

"येतायत की," ती म्हणाली.

काकांनी विचारलं, "किती?"

"चार-पाच. काचेच्या." मग ती हसायला लागली. "अहो, या माझ्याच! लग्नाला सहा महिने झालेले, हिरव्या होत्या. तुम्ही ते मशीन चालू करून पेंगत होतात. मान पार त्या पुढच्या गृहस्थांच्या खांद्यावर. मी कोपरानं ढोसलं तुम्हाला."

"म्हणजे चाळीस वर्षं…"

"मला शंका होतीच. पण तुम्ही एवढे रंगून शिव्या घालत होतात, म्हटलं कशाला मोडता घाला!"

काका उठले. मग कपाटातून फॉर्म काढला, 'पसंती' या रकान्यापुढे 'आहे' लिहिलं, आणि रिकामं खोकं माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे जाताना कचऱ्यात टाक."

आता रविवारी पोहे झाले की फरसाणाच्या डब्याला हेडफोन जोडतात. दोघं आळीपाळीनं ऐकतात. मावशीची पाळी असली की ती काय काय ऐकू येतंय ते मोठ्यांदा सांगते, "तबलजीनं हातोडी उचलली", "कुणीतरी बशी ठेवली", आणि चाळीस वर्षं ही बैठक पाठ असलेले काका नवीन काही ऐकल्यासारखे कान देऊन ऐकतात. काकांची पाळी असली की ते डोळे मिटून बसतात आणि मावशी घड्याळाकडे लक्ष ठेवून शेजारी बसते. विलंबित संपत आलं की ती त्यांना कोपरानं हळूच ढोसते.

"आल्या," काका म्हणतात.