जिताड्याच्या पोटातले तुकडेसाहेब

तुकडेसाहेबांना अख्खी वस्तू बघवत नसे. समोरचा वडापावसुद्धा ते डोळे बारीक करून न्याहाळायचे, कुठून तोडला तर वडा आणि पाव एकमेकांत अडकून राहतील याचा विचार करायचे, आणि तोवर आमचं खाऊन झालेलं असायचं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण अलिबागजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते कुणी वापरत नसे.

तसं त्यांचं कामच ते होतं. बंगलेवाल्यांना बागेत लाकडाचं काहीतरी अवाढव्य हवं असायचं. साहेब ते कॉम्प्युटरवर उभं करायचे आणि मशीनवर कापता येतील एवढे त्याचे तुकडे पाडायचे. मशीन मी चालवायचो. प्रत्येक तुकड्याला खाचा असायच्या आणि त्या शेजारच्या तुकड्यात अडकायच्या. खिळा वर्ज्य. "म्हात्रे, खिळा म्हणजे माफीनामा," ते मला सुनवायचे. देवाच्या तसबिरीचा खिळाही त्यांनी उपटायला लावला होता. देव तेव्हापासून खिडकीत टेकून बसले होते.

नम्रता नावाचा तुकडा साहेबांमध्ये बसवायचा राहूनच गेला होता. जोडणीच्या कामावरचा कोळीवाड्यातला हरेश कधी शंका काढायचा, "साहेब, ह्यो बसंल ना?" साहेब स्क्रीन त्याच्याकडे वळवायचे. तिथे तुकडा उडत येऊन अलगद जागेवर बसायचा. "बसला. आणि एकदा बसला की निघणार नाही, ही माझी गॅरंटी." आम्ही सगळे माना डोलवायचो.

मग एका बंगल्याच्या मालकाला बागेत खोलीएवढा लाकडी जिताडा हवा झाला. जोडणीच्या दिवशीच संध्याकाळी मुंबईहून रो-रो बोटीने पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायला. एकही खिळा न मारता मासा उभा राहील, असा शब्द साहेबांनी दिला होता. बरगड्यांच्या जाळीतून जेमतेम हात जाईल एवढीच फट होती. शेवटचा तुकडा म्हणजे कल्ला, तो आतून ओढून बसवायचा. हा मान दुसऱ्या कुणाला कसा मिळणार? साहेब कल्ल्याच्या जागेतून आत शिरले आणि तुकडा ओढून घेतला. खट् आवाज झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग टाळ्या थांबल्या. स्क्रीनवर तुकडा आपोआप बसतो, बसवणारा माणूस तिथे नसतोच. हे तोवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आमच्याही.

हरेशने कल्ला ढकलला, ओढला. "साहेब, न्हाय निंगत. तुमची गॅरंटी हाय."

मी करवत उचलली, तर साहेब आतून कडाडले, "हात लावून तर बघ." मग त्यांना चहाचा कागदी कप फटीतून दिला. पाहुणे आले. साहेबांनी पोटातूनच सांध्यांवर भाषण केलं, फटीतून बोट बाहेर काढून खाचा दाखवल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. एका बाईंनी विचारलं, "हे रोज आत असतात?" मालक बिनदिक्कत हो म्हणाले.

पाहुणे जेवायला गेल्यावर साहेब फटीशी आले. चष्मा कपाळावर चढलेला, शर्ट घामाने चिकटलेला. "म्हात्रे, पोटाखालची बरगडी काप. तिथे कुणाला दिसणार नाही." एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते सरपटत बाहेर आले, कापलेली बरगडी जागेवर धरली आणि न बघता हात पुढे केला. हरेशने होडीच्या कामासाठी स्कूटरच्या डिकीत ठेवलेले दोन खिळे त्यावर ठेवले. साहेबांनी ते स्वतः ठोकले. घरी जाईपर्यंत कुणी हसलं नाही.

साहेबांना जाऊन आता वर्ष होईल. फार छळलं त्यांनी आम्हाला, आणि मला त्यांची फार आठवण येते. तसबीर अजून खिडकीतच आहे. खिळा ठोकायला कुणाचा हात धजत नाही. तुकडे आता मी पाडतो. कॉम्प्युटरवर लाकूड उभं करण्याआधी मी एक माणूस उभा करतो, जरा पोट सुटलेला, चष्मा कपाळावर. शेवटचा तुकडा बसायच्या आत त्याला बाहेर काढतो, आणि मगच मशीन सुरू करतो.