दोन वर्षांनंतरचं मत

निवृत्तीनंतर आम्ही लखनऊ सोडलं नाही, याचं खरं कारण कंटाळा. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत बावीस वर्षं काढली होती. अमरावतीला परत जायचं म्हणजे पुन्हा सामान बांधा, पुन्हा दूधवाला शोधा, पुन्हा शेजाऱ्यांना आपण कोण ते सांगा. बायको म्हणाली, "आता मला काही हलवायचं नाही." मग कॉलनीजवळच तळमजल्यावरचा एक फ्लॅट घेतला, आणि त्याच्या पुढच्या खोलीत मी माझे स्पीकर आणले.

जमिनीवर उभे राहणारे, माझ्या छातीपर्यंत येणारे दोन लाकडी खांबच ते. टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ एकेक खोका दोघांनी मिळून आत आणत होते. घाम पुसत त्याने विचारलं, "अंकल, इसमें है क्या?" मी म्हटलं, "गाना." त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

नोकरीत माझं काम मोजमापाचं. चालत्या डब्यात हादरे किती बसतात, आवाज किती येतो, ते यंत्रावर बघायचं, कागदावर उतरवायचं आणि खाली सही करायची. घरी मला काही मोजायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर मी वेताची खुर्ची ठेवली. ती एकच होती. बायकोला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं, असं मी धरून चाललो होतो.

हे असले स्पीकर घेणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. जो तो आपल्या स्पीकरबद्दलचं मत लिहितो आणि पुढचा घेणारा ते वाचून ठरवतो. घेतल्यावर महिन्याभरात मीही लिहिलं. खर्ज भरदार आहे, वरचे सूर स्वच्छ आहेत, पण जास्त वेळ ऐकलं की जरा टोचतात. ते कुणी फारसं वाचलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा लिहिलं. हे मत मात्र गाजलं. मी लिहिलं होतं की हे स्पीकर रुळायला वेळ घेतात. आता आवाज मऊ झालाय, टोचणं गेलंय, तास दोन तास ऐकलं तरी कान शिणत नाहीत. आणि गायिका अगदी मधोमध उभी न राहता किंचित उजवीकडे सरकून बसलेली वाटते, खऱ्या मैफिलीत बसते तशी. हे उजवीकडे सरकणं लोकांना फार आवडलं. पुण्याचे एकजण म्हणाले, त्यांनाही तसंच वाटतं. कुणी विचारलं, की रुळायला नक्की किती महिने लागले. मी प्रत्येकाला उत्तरं दिली. चाळीस वर्षं सह्या केल्या, पण माझं लिहिलेलं इतक्या आवडीने कधी कुणी वाचलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात गटावरच्या एकाचा फोन आला. मूळचा सोलापूरचा, अमौसीला विमानतळावर नोकरीला, वय चाळिशीच्या आत. "काका, तुमचं मत वाचलं. हेच घ्यायचे म्हणतोय. एकदा ऐकायला येऊ का?"

रविवारी सकाळी तो आला. बाहेर इतकं धुकं होतं की फाटकापाशी उभा असलेला तो मला जवळ गेल्याशिवाय दिसला नाही. बायकोने चहा आणि पोहे केले. लखनऊत कुणी मराठी माणूस घरी आला की ती पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घालते. त्याने पोहे खाल्ले, सोलापूरच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण काढली, मग मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि एक ठुमरी लावली.

तो डोळे मिटून ऐकत होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. पाहुण्याला आपली वस्तू आवडावी, ही इच्छा या वयातही जात नाही. पण त्याच्या कपाळावर हळूहळू आठी आली. डोळे उघडून त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"काका, माझ्या फोनमधलं एक लावू का?"

त्याच्या फोनमध्ये मंजिऱ्या, म्हणजे छोटे टाळ, आणि तबला यांचं एक रेकॉर्डिंग होतं. ते सुरू झालं तसा तो उठला, उजव्या स्पीकरपाशी वाकला, मग डाव्यापाशी. स्पीकरच्या अगदी वर रुपयाएवढा एक लहान घुमट असतो, बारीक सूर काढणारा. त्याला ट्विटर म्हणतात. डाव्या स्पीकरच्या ट्विटरला त्याने कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "हा बंद आहे."

"बंद कसा असेल? आवाज येतोय की."

"आवाज खालच्यातून येतोय. वरचा काहीच बोलत नाहीये. मंजिऱ्या सगळ्या उजवीकडूनच येतायत."

मी जाऊन कान लावला. मला शांत वाटलं. मग उजव्याला लावला. तिथेही मला फार काही वेगळं वाटलं नाही. तरी मी म्हणालो, "रुळल्यावर तसा मऊच होतो तो. तुम्हाला सवय नाहीये."

हे जरा चढ्या आवाजात निघालं असावं, कारण बायको हात पुसत बाहेर आली. "काय झालं?" त्याने संकोचून सांगितलं. तिने दोन्ही स्पीकरकडे पाहिलं.

"तो बरेच दिवस तसाच आहे," ती म्हणाली. "मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात लाइट येजा करत होती ना, त्या दिवसापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुम्हीच मंद केलाय. आधी म्हणत होतात ना टोचतो म्हणून. नंतर म्हणायला लागलात, आता छान झालाय. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. आधी फार कर्कश होतं."

मी गाणं बंद केलं. पाहुणा "येतो काका" म्हणून उठला आणि दारात, मला अपेक्षा नसताना, माझ्या पाया पडला. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आठ दिवस मी काहीच केलं नाही. मग बायकोनेच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानांवर हेडफोन घातले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मी वाट पाहत राहिलो. काचेपलीकडे डॉक्टर काहीतरी करत होत्या, माझ्याकडे पाहत होत्या, पुन्हा काहीतरी करत होत्या. त्यांच्या हाताच्या हालचालीवरून मला कळत होतं की आवाज सोडलाय. आला मात्र नाही. एकदा मी लाजून उगाचच बटण दाबलं. कागदावर आलेखाची रेघ उजवीकडे, बारीक सुरांच्या बाजूला, जात जात कोसळलेली होती, डाव्या कानाची जास्तच. त्या म्हणाल्या, "उमर का है, सर. बहुतों का होता है. धीरे-धीरे जाता है, इसलिए पता नहीं चलता." असा आलेख वाचायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच आयुष्यभर तसे आलेख काढत आलो होतो.

स्पीकरचा नवा ट्विटर बाहेरून मागवावा लागला. उन्हाळ्याच्या तोंडावर तो आला. चौकातल्या एका जुन्या रेडिओ-मेकॅनिकला मी रिक्षातून घरी घेऊन आलो. माझ्याहून म्हातारा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने पाऊण तासात काम केलं आणि म्हणाला, "अब सुनिए." तीच ठुमरी लावली. गायिका उजवीकडून वीतभर सरकून मधोमध आली, एवढं मला जाणवलं. बाकी काही आलं नाही. मेकॅनिकच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरलं होतं. "अब तो चमक आ गई, बाबूजी." मी मान हलवली. आतून बायकोने ओरडून सांगितलं, "अहो, जरा लहान करा!"

कानात घालायची यंत्रंही आणली. त्यांच्यामुळे मंजिऱ्या परत आल्या, पण ताटावर चमचा आपटावा तशा. बायकोच्या बांगड्या, प्लास्टिकची पिशवी, कुलरचं पाणी, सगळं एकदम अंगावर आलं. बोलणं ऐकायला ती यंत्रं ठीक होती. गाण्यासाठी मी ती काढून ठेवतो.

राहिलं होतं ते मत. ते गटावर तसंच होतं, आणि अजून लोक ते वाचत होते. खोडून टाकावं असं एकदा वाटलं. कुणाला कळलंही नसतं. पण ज्या कागदावर सही केली तो कागद फाडायची सवय नाही. मी सगळं लिहिलं. एक ट्विटर जळाला होता, माझे कान गेले आहेत, स्पीकर रुळले वगैरे काही नाही, गायिका उजवीकडे बसत नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर घेतले त्यांची मी माफी मागतो.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. एकच माणूस चिडला. बाकीच्यांनी मला समजावलं. पुण्याचे ते गृहस्थ म्हणाले, "तुमचं काहीही असो, आमचे खरंच रुळले आहेत. आणि गायिका उजवीकडेच आहे." मी त्यांना कळकळीने लिहिलं, की एकदा डाव्या ट्विटरला कान लावून बघा. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या जुन्या मताखाली अजूनही कुणी ना कुणी आभार मानतं. नवं फार थोड्यांनी वाचलं. मी पुन्हा एकदा लिहायचा विचार केला, पण थकलो. किती वेळा तेच सांगायचं?

मधल्या काळात बायको माझ्या खुर्चीत बसायला लागली होती. मी शेजारी स्टुलावर. "आता काय वाजतंय?" मी विचारायचो, आणि ती सांगायची, "आता घुंगरू. आता मागे कुणीतरी खोकलं." मैफिलीतला हा खोकला माझ्या कानांवर कधीच पडला नव्हता. तीन दिवस तिने हे केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला भाजी निवडायचीये," आणि गेली. तिचंही बरोबर होतं. तिला कधी स्पीकर नकोच होते.

पावसाळा संपताना सोलापूरच्या त्या मुलाचा पुन्हा फोन आला. त्याने दुसऱ्या कंपनीचे घेतले होते. "काका, या ना ऐकायला. काकूंनाही आणा. त्यांना आणाच." अमौसीकडच्या त्याच्या घरावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं आणि खिडकीची काच थरथरायची. त्याच्या बायकोने पिठलं-भाकरी केली होती. जेवणानंतर त्याने मोठ्या सोफ्याच्या मधली जागा रिकामी केली. मी सवयीने तिकडे निघालो, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही इथे बसा. काकू, तुम्ही मध्ये."

तिने एक गाणं पूर्ण ऐकलं. हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. मग म्हणाली, "स्पष्ट आहे. सगळं ऐकू येतं. पण मला याच्यासमोर तासभर बसवणार नाही."

तो खूश झाला. फोन काढून तिचं वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत गटावर टाकलंही. त्यावर लगेच प्रश्न आले: कुठल्या अँप्लिफायरवर ऐकलं, खोली केवढी, काकूंचा अनुभव किती वर्षांचा. तो मला विचारत होता, काय उत्तर देऊ. मी म्हटलं, खरं ते दे.

परतताना ऑटोत मी तिला विचारलं, "नक्की काय टोचलं गं तुला? वरचे सूर की मधले?"

"आता नको," ती म्हणाली. "डोकं दुखतंय." तिने पदर कानांवरून घेतला आणि डोळे मिटले. आलमबागच्या चौकात ऑटो अडकली. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते, आणि ते मला अगदी नीट ऐकू येत होते.