बेटावरची दुभती शेळी

या सदरातले अनुभव मी नेहमी चहा पिता पिता वाचते आणि नवऱ्याला म्हणते, "बघा, लोकांना किती रिकामा वेळ!" आमचं बौद्ध कुटुंब. नवस, अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा... यातलं काहीच आमच्या घरात कधी शिरलेलं नाही. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं.

आधी जागा सांगते. तीर्थपुरीहून गोदावरीकडे गेलं की नदीकाठी आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोडी जमीन होती. खाली बंधारा झाला, पाणी तुंबलं आणि जमिनीतलं एक टेकाड तेवढं वर राहिलं. चारी बाजूंनी पाणी, मधे बाभळी आणि वाळलेलं गवत. होडीशिवाय जाता येत नाही. बेट म्हणायचं, पण चहाला उकळी येईपर्यंत पूर्ण फेरी मारून होते!

गेल्या वर्षी दादांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात तसाच लोंबत राहिला. आम्ही त्यांना जालन्याला आमच्याकडे आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाल्या. मला बाजूला घेऊन बजावलं — हे महिने वाया गेले तर हात कायमचा गेला समजा. दादांनी चेंडू कपाटामागं भिरकावला. "मी काय ल्हान लेकरू हाय का चेंडू खेळायला?" मी समजावलं, भांडले, एकदा तर रडलेसुद्धा. काही उपयोग नाही.

अशात आमच्या ह्यांना व्हिडिओ बघून बघून कॅम्पिंगचं वेड लागलं. तेही साधं नाही... गॅस नाही, काडेपेटी नाही, फक्त तंबू, चाकू आणि चकमक! एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत दिवसभर एसीखाली बसणारा माणूस हा. म्हणाले, "दादांच्या बेटावरच जाऊ ना." आणि कित्येक महिन्यांनी दादा हसले. "चला जावईबापू. पाहू तर खरं तुमचा तंबू."

दुपारी शेषरावकाकांनी होडीतून सोडलं. काका तिथं मासे धरतात, दादांचे जुने दोस्त. "सकाळी येतो न्यायला," म्हणाले आणि गेले.

तंबूची खुंटी ठोकली की ती सरळ काळ्या मातीच्या भेगेत गडप! कसाबसा तंबू उभा राहिला, तर चकमक पेटेना. हे घासतायत, घाम पुसतायत, परत घासतायत. दादा दगडावर बसून मजा बघत होते. "जावईबापू, लोक जेवून झोपले असतील आतापोतर." शेवटी मी पिशवीतून लपवून आणलेली काडेपेटी काढली. ह्यांनी तोंड फिरवलं, मी चूल पेटवली.

दिवस मावळत होता. तेवढ्यात तंबूमागून आवाज — मेंऽऽ!

काळी शेळी. कानांवर पांढरे ठिपके, कास तटतटलेली. सारखी ओरडत होती. "दुखून राह्यलं तिला," दादा म्हणाले. "पिळा की कुनीतरी."

मी शेतकऱ्याची लेक, मीच पुढे झाले. पण शेळीनं पान्हा चोरला, एक थेंब सोडेना. मग हे सरसावले. तिनं अशी लाथ झाडली की हे मागच्या मागे तंबूवर, आणि तंबू जमिनीवर. दादांना हसून हसून ठसका लागला. शेळी मात्र शांतपणे चालत गेली आणि दादांच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली.

"आन गं माय, भगुनं आन," दादा म्हणाले.

मी चहाचं भगुनं त्यांच्या पायांत ठेवलं आणि पाठ फिरवून चूल फुंकायला बसले. मागून धारेचा आवाज येत होता. चर्र... मधे खंड... चर्र... एका डाव्या हाताचं काम ते. मग मधली जागा भरली. चर्र-चर्र, चर्र-चर्र. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात जनावरांत वाढलेल्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही. दोन हातांनी पिळल्याशिवाय तो येतच नाही.

मी वळून पाहिलं. दादांच्या उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं, मी त्यावर हात दाबला. दादांचं लक्षच नव्हतं, ते शेळीशी बोलत होते. "थांब गं, झालं, झालं..."

त्याच दुधाचा चहा पिताना मी उजव्या हाताचं सांगितलं तर दादांना पटेना. हात समोर धरला, मूठ वळायला गेले... बोटं नुसती थरथरली. "मंग मघाशी कसं जमलं?" त्यांचा चेहरा उतरला. माझाही.

रात्री तंबूबाहेर रवंथ ऐकू येत होती. सकाळी शेळी नाही. आम्ही सगळं बेट पालथं घातलं. काका आले, त्यांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. "शेळी? हितं? आवो, शेळी पान्याला भेती. आन कुनाची हारवली अस्ती तर समद्या काठाला बोंब झाली अस्ती!"

दादा जमिनीकडे बघत होते. "सांजपासून होती हितं. अन् एक लेंडी न्हाई?"

मग काय, आम्ही चौघं ओणवे होऊन लेंड्या शोधतोय! एकही सापडली नाही. पण भगुन्याला साय चिकटली होती. ह्यांनी राखेनं तीनदा घासलं, तरी शेळीच्या दुधाचा वास जाईना.

शेळी पोहून आली-गेली असेल. हाताचं म्हणाल तर डॉक्टरीणबाई म्हणतात, असं कधी अचानक सुरू होतं. असेल. विज्ञानाची बाई म्हणून मी मान डोलावते, पण लेंडीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि खरं सांगू? मला फार घाईही नाही. कारण त्या सकाळी होडी काठाला लागली, उतरताना ती डुलली, दादांचा तोल गेला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. इतकं घट्ट, की काचेची बांगडी कट्कन पिचली आणि मनगटात रुतली.

"आरारा, लेकीची बांगडी वाढली की!" काका कळवळले. दादा घाबरून हात काढायला लागले.

मी म्हटलं, "दादा, सोडू नका. आणखी जोरात धरा."