तिफण धरून ऐकलेलं माझं भाषण

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. मी तालुक्याच्या शाळेत शेवटच्या वर्गात होतो. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ हिंडत हिंडत आमच्याकडे येणार, असं हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं. नाना जातीधर्मांची मुलं एका वर्गात कशी शिकतात, ते पाहुण्यांना पाहायचं होतं. सगळ्यांनी इंग्रजीत भाषण लिहायचं आणि ज्याचं उत्तम उतरेल त्यानं ते म्हणायचं, असं ठरलं.

मी आठ दिवस डिक्शनरी उराशी धरून भाषण लिहिलं. त्याला कारण होतं. वरवट बकालच्या अलीकडे आमचं गाव. तिथली मुलींची शाळा चार महिने बंद होती. बाई आल्या होत्या, चांगलं शिकवतही होत्या. पण गावानं त्यांची जात विचारली आणि एकाही घरानं राहायला खोली दिली नाही. पंधरा दिवस त्या शाळेतच पाटीदप्तराच्या पेटीशेजारी निजल्या आणि मग निघून गेल्या. माझी धाकटी बहीण दुसरीतच अडकली. पाहुण्यांबरोबर शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येणार होते. शाळेला लागून एक खोली बांधून द्या, एवढंच मला त्यांच्या कानावर घालायचं होतं.

भाषण माझंच निवडलं गेलं. हेडमास्तर म्हणाले, "छान लिहिलंयस. पण तुझे उच्चार फार रांगडे आहेत रे. हे वकिलांचा मुलगा वाचील. तू शेतकऱ्याचा मुलगा, तू नांगर धरून उभा राहा."

त्या काळी हेडमास्तरांपुढे मान वर करायची सोय नव्हती.

त्या दिवशी सकाळी मला शर्ट काढून बंडी घालायला लावली, डोक्याला फेटा बांधला. माझा मुसलमान मित्र रोज साध्या टोपीत यायचा, त्याला कुठूनशी गोंड्याची लाल टोपी आणून दिली. विणकराच्या मुलाच्या हाती सूत दिलं. आणि माझ्यापुढे आणून ठेवली ती तिफण! तीन फणांची, पेरणीची. मी म्हटलं, "सर, हा नांगर नाही." ते म्हणाले, "पाहुण्यांना काय कळतंय?" ज्यांना नांगर आणि तिफण यातला फरक ठाऊक नाही, ते पाहुण्यांना आमची विविधता दाखवणार होते.

नांदुऱ्याच्या स्टेशनावरून मोटारी आल्या. मंडळींनी आम्हाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाजारातल्या बैलांसारखं न्याहाळलं. मग वकिलांचा मुलगा उभा राहिला. वाचायचा झकास, खोटं कशाला बोलू? माझी वाक्यं त्याच्या तोंडून ऐकताना क्षणभर मलाही बरं वाटलं. पण खोलीचा परिच्छेद आलाच नाही. तो सरळ शेवटच्या आभारावर गेला आणि खाली बसला. हेडमास्तरांनी तेवढाच भाग तांबड्या शाईनं खोडला होता. पाहुण्यांसमोर घरची घाण कशाला, असं म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इंग्रजी तर कुठल्या कुठे पळालं. मी तिफण सोडली आणि डिप्टीसाहेबांकडे पाहून ओरडलो, "सायेब, आमच्या गावची पोरीची शाळा बंद हाये! बाईले जात इचारून कोनं खोली नाई देल्ली! शाळेपाशी एक खोली बांधून द्या, बाई येतीन!"

एका परदेशी मुलीनं हेडमास्तरांना विचारलं, हा काय म्हणतोय? त्यांनी डोळ्याची पापणीही न लववता इंग्रजीत सांगितलं, "हा पेरणीचं गाणं म्हणतो आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक कडवं म्हण, असंही कुणी सुचवलं. डिप्टीसाहेब आमच्याच मुलखातले, त्यांना शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि चहाची आठवण केली. त्या माणसाची मला आजही चीड येते.

शनिवारी मी गावी गेलो. दुपारी बाबांच्या पंगतीला जेवायला बसलो, बहीण वाढत होती. तिनं लगेच विचारलं, "दादा, सांगतलं का सायबाले?"

"सांगतलं."

"मंग?"

मी सगळी हकिकत सांगितली. हेडमास्तरांचा, डिप्टीसाहेबांचा चांगला उद्धार केला. बाबाही म्हणाले, "लय हरामखोर लोक हायेत." बहीण भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आपली वसरीची खोली तं रिकामीच हाये," ती म्हणाली. "सायबाले सांगतलं, मंग बाबाले काऊन नाई सांगत?"

बाबांनी भाजीत हात घातला. मीही मान खाली घालून जेवत राहिलो.